चढावरचा ठोका

गाडीतून आवाज यायला लागला की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू.

मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. सकाळी लॅबमधून डबा उचलायचा, त्यात बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या आणि उपाशीपोटी वैतागून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं, हा माझा धंदा. टेकडीवरच्या वसाहतीत माझी बरीच घरं आहेत. त्या दिवशी तो चढ लागला, मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि पायाखाली कुठेतरी 'ठक' झालं. पाय उचलला तर आवाज थांबला. पुन्हा दाबला, पुन्हा ठक. कोणी आतून दार वाजवावं तसा. सपाट रस्त्यावर मात्र गाडी अगदी गुणी बाळ.

माझे दोन्ही भाऊ गाड्यांचे मिस्त्री आहेत. दादा माझ्याहून मोठा, धाकटा माझ्याहून लहान. गिऱ्हाइकं त्यांना मोठे मिस्त्री आणि छोटे मिस्त्री म्हणतात. दोघांची गॅरेजं एकाच रस्त्यावर, समोरासमोर आहेत आणि दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. रुसलेल्या माणसाने निदान दुसरी गल्ली तरी बघावी. पण नाही. धाकटा दादाच्या गॅरेजमधून हात पुसत बाहेर पडला तो थेट समोरचा रिकामा गाळा घेऊन बसला. तेव्हापासून एक इकडून बघतो, एक तिकडून बघतो, आणि मधून ट्रक जातात.

आता धाकटा गाव सोडून चालला होता. लांबच्या शहरात एका मोठ्या वर्कशॉपमध्ये त्याला नोकरी लागली होती. महिनाअखेरीला बायकोमुलीला घेऊन जायचं ठरलं होतं. एकदा तो गेला की हे दोघं मेल्यावरच एकमेकांच्या दारात जातील हे मला दिसत होतं. त्याआधी त्यांनी एकमेकांशी बोलावं, निदान एकदा, एवढीच माझी इच्छा होती. आणि नेमका तेव्हा हा आवाज आला.

आनंद का झाला ते सांगते. असे आवाज शोधायची आमच्या बाबांची एक रीत होती. उभ्या गाडीत जो आवाज येतच नाही, तो बॉनेट उघडून सापडत नाही, असं ते म्हणायचे. त्यासाठी दोन माणसं लागतात. एकाने चालवायचं आणि एकाने मागच्या सीटवर डोळे मिटून ऐकायचं. आवाज डावीकडून आला तर चालवणाऱ्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवायचा, उजवीकडून आला तर उजव्या. समोरून आला तर मानेच्या खाली, मागून आला तर पाठीवर. बोलायचं कोणीच नाही. बोलण्याने कान बिघडतो. दादा मागे बसायचा, धाकटा चालवायचा. धाकटा पोरसवदा होता तेव्हापासून क्लच असा सोडायचा की हवी तेवढीच ओढ इंजिनाला बसावी, कमी नाही की जास्त नाही. दोघांनी मिळून भल्याभल्या गाड्यांची भुतं उतरवली होती. वेगळे झाल्यापासून मात्र असली गाडी आली की दोघंही तोंडं चुकवायचे आणि गिऱ्हाईक तिसऱ्याकडे जायचं.

म्हणजे माझा ठोका या दोघांना एका गाडीत बसवल्याशिवाय सापडणार नव्हता. आणि बाबांच्या रीतीत बोलायचंच नसल्यामुळे पहिलं कोण बोललं हा प्रश्नही येणार नव्हता. अबोला धरलेल्या माणसांसाठी याहून सोयीचं काम दुसरं कुठलं असणार.

पण आधी मी सरळ दादाकडे गेले, कारण थोड्याच दिवसांपूर्वी त्यानेच माझ्या गाडीचा क्लच बदलला होता.

"चढावरच येतो?" दादाने विचारलं.

"चढावर. पाय दाबला की."

"पेट्रोल कुठलं भरतेस?"

"पेट्रोलसारखं पेट्रोल. मी काय रॉकेल भरते?"

त्याने प्लग काढून साफ केले. सायलेन्सरची पट्टी आवळली. खाली खड्ड्यात उतरून फाउंडेशनचे बोल्ट तपासले. फाउंडेशन म्हणजे ज्या रबरी गाद्यांवर इंजिन बसवलेलं असतं त्या. एकेका बोल्टला पाना लावला आणि खालून ओरडला, "घट्ट आहे. हाही घट्ट आहे." मला सीटवर बसवून म्हणाला, ब्रेक दाबून धर आणि क्लच हळू सोड, मी खालून बघतो. माझ्याकडून क्लच झपकन सुटला आणि गाडी आचके देऊन बंद पडली. दोन-तीनदा तसंच झालं. दादा खड्ड्यातून काळ्या हातांनी वर आला आणि म्हणाला, "तुला रक्तच काढता येतं, दुसरं काही नाही."

"मग ज्याला येतं त्याला बोलव," मी म्हटलं.

त्याने समोर बघितलं नाही. फडक्याने हात पुसत राहिला. "चालव अजून थोडे दिवस," म्हणाला. "आवाज वाढला की आपोआप कळेल."

संध्याकाळी मी रस्ता ओलांडून धाकट्याकडे गाडी लावली. त्याच्या गाळ्यातलं निम्मं सामान खोक्यांत गेलं होतं. भिंतीवर पाने टांगायचे खिळे तेवढे उघडे दिसत होते. त्याने माझं म्हणणं ऐकून घेतलं, बॉनेट उघडलं, एकदा आत पाहिलं आणि बंद केलं.

"क्लच दादाने केला ना?"

"हो."

"मग त्याच्याकडेच ने. त्याच्या कामात मी हात घालत नाही."

"त्याला सापडत नाहीये."

"सापडेल," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पण त्या चढावर ही गाडी नेऊ नकोस, ताई. तोवर माझी स्कूटर वापर. ऐक माझं."

मी ऐकलं. गाडी दादाच्या दारात लावली आणि नमुन्यांचा डबा दोन पायांमध्ये धरून स्कूटरवरून हिंडायला लागले. एका आजोबांनी विचारलंसुद्धा, पगार कमी केला काय हो तुमचा? दिवस जात होते. दादा रोज माझ्या गाडीभोवती फिरायचा, उभ्या उभ्या रेस द्यायचा, कान लावायचा. उभ्या गाडीत आवाज कसला येतो. समोर धाकट्याची खोकी वाढत होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण आमच्या घरात सुंभ जळायच्या आधी घरच जळेल असं मला वाटायला लागलं.

ते वेगळे का झाले ते इथे सांगायला हवं. आमच्या बाबांची आणखी एक रीत होती. गाडीतून निघालेला एकही बोल्ट ते टाकायचे नाहीत. धुऊन, पुसून, पत्र्याच्या डब्यात ठेवायचे आणि लागेल तिथे पुन्हा वापरायचे. "बोल्टाला मरण नसतं," हे त्यांचं वाक्य. बाबा गेल्यावर दादाने ती रीत देवासारखी पाळली. मग एकदा लाकडाच्या वखारवाल्याची गाडी आली. इंजिन पूर्ण उघडावं लागलं. परत जोडताना धाकटा म्हणाला, आतले बोल्ट नवीन आणू या, एकदा आवळलेले हे बोल्ट ताणले जातात, पुन्हा धरत नाहीत. दादा म्हणाला, बाबांपेक्षा तू शहाणा झालास काय. धाकट्याने निमूटपणे जुनेच बोल्ट आवळले. पुढच्या आठवड्यात गाडी भर रस्त्यात ठोके द्यायला लागली आणि इंजिनाने जीव सोडला. वखारवाले गॅरेजच्या दारात उभे राहून गरजले. तेव्हा दादा, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, म्हणाला, "बोल्ट याने आवळले होते. याने घट्ट केले नसतील. याचं लक्षच नसतं कामात."

धाकटा म्हणाला, "मी घट्ट केले होते, दादा. बोल्टच गेलेले होते."

दादा वखारवाल्यांची समजूत घालण्यात गुंतला होता. त्याने मान वळवलीसुद्धा नाही. धाकट्याने हात पुसले आणि निघाला. घट्ट केले होते की नव्हते, एवढ्यावर दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं. बाहेरच्याला हसू येईल. मलाही आलं असतं, ते माझे भाऊ नसते तर.

धाकट्याच्या जायच्या आधीचा रविवार उजाडला तेव्हा माझा संयम संपला. मी दादाला जाऊन सांगितलं, "धाकटा चालवायला तयार आहे. तू मागे बसणार का, एवढंच विचारतोय." मग समोर जाऊन धाकट्याला सांगितलं, "दादा मागे बसायला तयार आहे. तू चालवणार का, एवढंच विचारतोय." लहानपणी त्यांची भांडणं मी अशीच सोडवायचे. तेव्हाही त्यांना कळायचं आणि तेव्हाही ते न कळल्यासारखं करायचे.

"तो म्हणत असेल तर माझी ना नाही," दादा म्हणाला.

धाकटा खोक्याला चिकटपट्टी लावत होता, ती तशीच लोंबती ठेवून आत गेला. कपाटाचं दार वाजलं. मग बाहेर येऊन रस्ता ओलांडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी त्याच्या मागून चालत होते आणि मला रडू येत होतं, पण हे दोघं बघून पुन्हा बिथरतील म्हणून नाकाला पदर लावून सर्दी झाल्यासारखं केलं.

दादा आधीच मागच्या सीटवर बसला होता, डोळे मिटून. धाकटा स्टिअरिंगवर बसला. मी त्याच्या शेजारी. कोणी तोंडातून ब्र काढला नाही. धाकट्याने आरसा जरासा हलवला, दादा दिसेल असा, आणि गाडी काढली.

चढ आला. धाकट्याने गाडी हळू केली आणि मग पाय दाबला. ठक. पाय उचलला, पुन्हा दाबला. ठक. त्याच वेगाने, त्याच ओढीने, जणू मोजून. मी मान वळवून मागे बघत होते. दादाचा चेहरा ओळखीचा झाला होता. कपाळावरच्या शिरा सैल पडल्या होत्या आणि ओठ किंचित उघडे होते. बाबांच्या वेळी बसायचा तसाच बसला होता तो. त्याचा हात उचलला गेला, हवेत थोडा थांबला आणि मग धाकट्याच्या डाव्या खांद्यावर टेकला.

धाकट्याने मान हलवली. चढाच्या टोकाला गाडी वळवून पुन्हा खाली नेली, पुन्हा वर आणली. दादाचा हात डाव्या खांद्यावरून मानेकडे सरकला. पुढे, डावीकडे. सापडलं होतं. आता हात काढायला हरकत नव्हती. दादाने तो काढला नाही. गॅरेज येईपर्यंत तो तिथेच होता आणि धाकटाही गिअर बदलताना खांदा कमीत कमी हलवत होता.

गाडी खड्ड्यावर घेतली. दादा खाली उतरला. धाकट्याने ब्रेक दाबून धरला आणि क्लच सोडत आणला, इतका की इंजिन नुसतं पेटून उठायला बघतंय पण गाडी जागची हलत नाहीये. खालून दादाचा आवाज आला, "धर तसंच." इतक्या वर्षांनी तो धाकट्याशी बोलला ते हे पहिले शब्द. मग म्हणाला, "उचलतंय. डावं फाउंडेशन उचलतंय." थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखा, "पण बोल्ट तर घट्ट आहे."

"पाना नको लावूस," धाकटा वरून म्हणाला. "पहार लावून बघ."

दादाने पहार लावली. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला, माझा चढावरचा ठोका, तोच. बोल्ट घट्ट होता आणि त्याने धरलेली फाउंडेशनची पट्टी मोकळी होती. मी मिस्त्री नाही, तरी मला कळलं. बोल्ट ताणून लांब झाला होता. भोकाच्या तळाला जाऊन टेकला होता, म्हणून पान्याला घट्ट लागत होता, पण पट्टीला दाबतच नव्हता.

दादाने तो काढला आणि खड्ड्यातच उभा राहून हातात धरून बघत राहिला. क्लच बदलताना त्यानेच बसवलेला, डब्यातला, स्वच्छ धुतलेला बोल्ट. मग धाकटा गाडीतून उतरला, खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला आणि खिशातून कागदात गुंडाळलेला नवा बोल्ट काढून खाली दिला.

दादाने कागद उलगडला. माप तंतोतंत होतं.

"तुला माहीत होतं," दादा म्हणाला.

"त्या दिवशी ताईने इथून निघताना क्लच झपकन सोडला, तेव्हा एकदा वाजलं. समोर ऐकलं मी."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून."

"हो."

माझं डोकं सणकलं. "आणि मला स्कूटरवर हिंडवलंस? डबा पायात धरून?" मी म्हटलं. "दुरुस्त करून टाकायला तुझे हात धरले होते का कोणी?"

"मी गुपचूप बदलला असता तर दादाला कळलं नसतं," धाकटा म्हणाला. "आणि काढून त्याच्यासमोर धरला असता तर मीच त्याची चूक दाखवायला बसलोय असं झालं असतं. मला तसं करायचं नव्हतं. मला वाटलं, तो शोधेल. नाही सापडलं तर हाक मारेल." तो नखाने काठाचं सिमेंट टोकरत होता. "रोज वाटायचं, आज हाक मारेल."

"मग तूच का नाही बोललास?" दादाने विचारलं.

"एकदा बोललो होतो, दादा."

दादा खाली बसला. खड्ड्यात बसायला जागा नसते, तेलाचा डबा होता त्यावर बसला. त्याचं फक्त डोकं आम्हाला दिसत होतं, विरळ झालेले केस आणि त्यात लागलेलं ग्रीस. तिथूनच तो म्हणाला, "वखारवाल्यांच्या गाडीतलेही असेच होते."

"हो."

"तू घट्ट केले होतेस."

"मी घट्ट केले होते."

"तू घट्ट केले होतेस," दादा पुन्हा म्हणाला. "मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ढकललं. मला तेव्हाच आत कुठेतरी वाटलं होतं. पण वखारवाले ओरडत होते आणि मी घाबरलो."

धाकट्याने बाहीने डोळे पुसले. एवढ्या एका वाक्यासाठी तो रस्त्यापलीकडे गाळा घेऊन बसला होता, दुसऱ्या गल्लीत गेला नव्हता, हे मला तेव्हा समजलं. मी मूर्ख, मला इतकी वर्षं ती खुन्नस वाटत आली.

नवा बोल्ट दादाने बसवला. आवळायला पाना धाकट्याकडे दिला. दोघांनी काम संपवलं, हात धुतले, आणि मी चहा आणला. गाडी चढावर नेऊन बघायची कोणालाच गरज वाटली नाही. कप खाली ठेवताना दादा म्हणाला, "जाऊ नकोस."

धाकट्याने आपला कप खाली ठेवला.

"गाळा सोडलास तर सोडलास. इथे ये. पाटीवर दोघांची नावं लावू. बोल्टांचा डबा भंगारात देतो, आज देतो."

"पोरीचं तिकडच्या शाळेत नाव घातलंय," धाकटा म्हणाला. "घर बघितलंय. शब्द दिलाय मी वर्कशॉपवाल्यांना. निम्मं सामान पोचलं."

"सामान काय, परत आणता येतं."

"दादा, बायकोनेही तिकडे नोकरी धरली आहे. मी एकटा नाही आता ठरवणारा."

दादाने मान हलवली. मग खाली बघत विचारलं, "हे मी आधी म्हणालो असतो तर?"

धाकटा त्याला बरं वाटावं म्हणून काहीही सांगू शकला असता. पण आमच्या घरात ते कोणाला जमत नाही.

"तर गेलो नसतो," तो म्हणाला.

तो गुरुवारी गेला. निरोप द्यायला दादा स्टँडवर आला, खोकी चढवून दिली, पुतणीला उगीचच खिडकीत नीट बसवलं. बस सुटता सुटता धाकट्याला म्हणाला, "वखारवाल्यांना मी जाऊन सांगणार आहे. चूक माझी होती म्हणून. त्या दिवशी जे जे तिथे होते त्यातले भेटतील तितक्यांना सांगणार." धाकटा म्हणाला, "राहू दे आता." मग बस हलल्यावर खिडकीतून वाकून म्हणाला, "सांगून आलास की फोन कर."

पुढच्या रविवारी दादाने इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला गाडी काढायला लावली. वखार गावाबाहेर आहे. रस्त्यात तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता, मधूनच ओठ हलायचे. गाडी चढावर एकदम मुकाट चालली. मला ते चांगलं वाटायला हवं होतं.

वखारवाले आता म्हातारे झाले होते. भुशाने भरलेल्या खुर्चीत बसले होते, मागे करवत चालू होती. दादाला त्यांनी ओळखलं. "या मिस्त्री," म्हणाले, आणि करवत बंद करायला सांगितली. दादा बसला नाही. उभ्यानेच बोलला. तुमच्या त्या गाडीचं इंजिन गेलं होतं, आठवतंय ना, त्यात माझ्या भावाची काही चूक नव्हती, बोल्ट मी जुने दिले होते, त्याने बजावलं होतं, मी ऐकलं नाही आणि वर त्याचं नाव सांगितलं. एका दमात सगळं बोलून तो थांबला. त्याच्या मानेवर घाम आला होता.

वखारवाले विचारात पडले. "ती गाडी होय," म्हणाले. "ती तर केव्हाच विकली. गेलं होतं काहीतरी, खरं." मग डोळे बारीक करून त्यांनी दादाकडे पाहिलं. "तुम्हाला भाऊ आहे?"

दादाने इस्त्रीच्या शर्टाची बाही ओढून सरळ केली.

"मला वाटत होतं तुम्ही एकटेच," वखारवाले म्हणाले, आणि आम्हाला चहा घ्या म्हणून आग्रह करायला लागले.

आम्ही चहा घेतला नाही. गाडीत येऊन बसलो. मी किल्ली फिरवली नाही, कारण कुठे जायचं ते मला कळेना. ज्या माणसासमोर अब्रू वाचवायला दादाने भाऊ घालवला, त्याच्या लक्षात भाऊ तर सोडाच, तो दिवसही धड राहिला नव्हता. मी दादाकडे बघायचं टाळलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. धाकटा होता. त्याला धीर निघाला नसणार.

दादा फोनकडे बघत राहिला. मला वाटलं, माझ्याकडे देईल. त्याने स्वतःच कानाला लावला.

"सांगितलं," तो म्हणाला. "हो, आत्ताच. वखारीतच आहोत." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. दादाने काचेबाहेर बघितलं. आमच्या घरात खोटं कोणाला जमत नाही, म्हटलं ना मी. दादाच्या कपाळावर शीर उभी राहिली.

"आठवतोस की," तो म्हणाला. "न आठवायला काय झालं. म्हणाले, छोटे मिस्त्री तेव्हाही खरंच बोलत होते. म्हणाले, हात फार साफ होता त्या पोराचा."

दादा तेवढ्यावर थांबला नाही.

"म्हणाले, मोठ्याला नुसतं ऐकता येत होतं, खरं काम धाकटाच करायचा. म्हणाले, त्याच्यासारखा क्लच सोडणारा माणूस या गावात झाला नाही."

लाकडं कापणाऱ्या माणसाला क्लच कोण कसा सोडतो हे काय ठाऊक असणार. धाकट्याला ते कळलं नसेल असं नाही. तरी तो तिकडून काय म्हणाला ते मला स्पष्ट ऐकू आलं.

"आणखी काय म्हणाले?"

दादाने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, फोन या कानावरून त्या कानावर घेतला आणि सांगत राहिला.